पुदिना, घाणेरी आणि फुटका माठ



फर्दापूरची जुनी सराई आपण येता-जाता पाहतो. मोगलांच्या काळात खानदेशातून औरंगाबादकडे निघालेली माणसं अजिंठ्याचा घाट चढण्याआधी इथं थांबत. त्या कारभाराची भाषा फारसी, आणि आपला 'पुदिना' हा शब्दही फारसीतूनच आलेला. तिकडे युरोपात इ.स. 800 च्या सुमारास शार्लमेन राजाच्या मळ्यांत काय काय लावायचं याची यादी निघाली, त्यातही पुदिना आहे. हुकूम काढून लावायचं झाड! आज आपल्याला उलटा हुकूम काढावा लागेल.

कारण पुदिना एका जागी बसत नाही. त्याचं खोड मातीलगत आणि मातीखालून धावतं, आणि प्रत्येक पेराला मुळं फुटतात. मोरीच्या पाण्यावर काडी लावली की पावसाळ्यात ती शेजारच्या कोथिंबिरीच्या वाफ्यात शिरते. खुरप्यानं तोडली तर एकाची चार रोपं होतात. उत्तर प्रदेशात बाराबंकीकडे तेलासाठी जपानी पुदिना पिकवतात. तिथं हीच धावती मुळी बियाणं म्हणून लावतात. त्यांचं भांडवल ती आपल्या चार हातांच्या परसात डोकेदुखी.

मोकळं सोडलेलं झाड काय करतं, हे डोंगरावरच्या घाणेरीला विचारा. मूळची अमेरिकेतली. 1809 च्या सुमारास शोभेसाठी कलकत्त्याच्या वनस्पती बागेत आणली. आता तिच्याखाली गवत उगवत नाही, आणि गुरांनी तिचा पाला खाल्ला तर ती आजारी पडतात. मात्र घाणेरीला कुंडी अडवू शकली नसती, कारण तिचं बी पाखरं नेतात. पुदिना आपण काडीनं लावतो, तो मुळीनं पसरतो. म्हणून त्याला कुंडी पुरते.

त्यासाठी विकतची कुंडी नको. फुटका माठ किंवा तेलाचा पत्र्याचा डबा चालतो. बुडाला भोकं पाडा आणि डबा विटांवर ठेवा. जमिनीवर टेकवला तर मुळी भोकातून खाली उतरते. वाफ्यातच पुरायचा असेल तर काठ चार बोटं वर ठेवा आणि बाहेर लोंबणारी काडी लगेच खुडा. वर्षभरात मुळांचा गड्डा होतो. तो काढून निम्मा परत लावा, वर नवी माती आणि शेणखत घाला.

उरलेली मुळी ओली असताना उकिरड्यावर टाकू नका. आधी पत्र्यावर कडक वाळवा. तोच उकिरडा पुढं शेतात जातो.