कर्जांतून जन्मणारा पैसा

रत्नागिरी जिल्ह्यांतील घरांना मनीऑर्डरीचें महत्त्व सांगावयास नको. टपालखात्यानें १८८० सालीं ही सोय सुरू केली आणि मुंबईच्या गिरण्यांत राबणारे चाकरमानी तिच्या द्वारें गांवाकडे पैसे धाडूं लागले. या व्यवहारांत पैसा केवळ जागा बदलतो. मुंबईस दहा रुपये भरले, तर गांवीं दहाच मिळतात.

बँकेचें कर्ज मात्र या जातीचें नव्हे. बँक एकाची ठेव उचलून दुसऱ्यास देते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः हजार रुपयांचें कर्ज मंजूर होतें, तेव्हां कोणाही ठेवीदाराच्या खात्यांतून कांहीं वजा होत नाहीं. बँक वहीच्या एका बाजूस ऋणकोकडून हजारांचें येणें मांडते आणि दुसऱ्या बाजूस त्याच्याच नांवें हजार रुपये जमा करते. तेवढा नवा पैसा जन्मास आला! कर्ज फिटलें कीं तो नाहींसा होतो. मात्र ऋणकोचा चेक दुसऱ्या बँकेंत गेल्यास तो हिशेब रोकडीनें चुकवावा लागतो. म्हणून जवळ पुरेशी रोकड हवी, आणि कर्ज परत येईल हा भरंवसाही हवा.

हा भरंवसा आंधळा झाला म्हणजे काय होतें, हें मुंबईनें पाहिलें आहे. तेथील ‘बँक ऑफ बॉम्बे’ १८४० सालीं स्थापन झाली. १८६१ च्या कायद्यानें नोटा काढण्याचा अधिकार सरकारनें स्वतःकडे घेतला. परंतु कर्ज देऊन पैसा निर्माण करण्याची शक्ति बँकेकडेच राहिली. त्याच वर्षीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. १८६३ च्या कायद्यानें बँकेवरील जुनीं बंधनें सैल झालीं. शेअरांच्या तारणावर कर्जें निघालीं. त्या पैशानें आणखी शेअर घेतले गेले. भाव चढले, आणि चढल्या भावावर पुन्हां कर्ज! बॅकबेचा समुद्र हटविण्यासाठीं निघालेल्या कंपनीचा पांच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरांत गेला. सट्टेबाजारांतील अग्रणी प्रेमचंद रायचंद यांचें बँकेंत मोठें वजन होतें.

१८६५ सालीं युद्ध संपलें. कापूस कोसळला, शेअर कोसळले, आणि तारण म्हणून नुसते कागद उरले. १८६८ सालीं बँक बंद करावी लागली. त्याच वर्षीं नव्या भांडवलावर दुसरी बँक उभी राहिली. ती १९२१ सालीं इंपीरियल बँकेंत मिळाली आणि १९५५ सालीं तिचीच स्टेट बँक झाली.

१९३५ सालीं रिझर्व्ह बँक आली, १९६२ सालीं ठेवींचा विमा आला. हे बंधारे आवश्यकच होत. पण मूळ प्रश्न कर्ज कशावर दिलें, हाच राहतो. रत्नागिरीच्या बागाइतदारास दिलेल्या कर्जांतून खत येतें, राखण होते, शेवटीं बाजारांत आंबा येतो. त्या नव्या पैशाच्या पाठीशीं नवा माल उभा असतो. चढत्या भावाच्या पाठीशीं मात्र दुसऱ्या कर्जाखेरीज कांहीं नसतें. आणि मोहर पाहून कर्ज देणाऱ्यानेंही मोहर गळतो, हें विसरूं नये.