दुर्गांवरील दारूखाना : ओल आणि आग

मराठ्यांच्या दुर्गव्यवस्थेचे विवेचन करताना तट, बुरूज व दरवाजे यांना साहजिकच अग्रस्थान मिळते. तथापि गडावरील तोफा व बंदुका ज्या दारूवर चालत, ती कोरडी राखणे हा तितकाच बिकट प्रश्न होता. सह्याद्रीच्या माथ्यावर जवळजवळ चार महिने पाऊस व धुके असते. या अवधीत सर्दावलेली दारू ऐन वेढ्याच्या प्रसंगी निरुपयोगी ठरली, तर उत्तम तटबंदीचाही उपयोग मर्यादित होई.

दारूचे तीन घटक : सोरा, गंधक व कोळसा. यांपैकी शुद्ध सोरा हवेतील ओलावा फारसा घेत नाही. परंतु मातीपासून काढलेल्या सोऱ्यात मीठ व अन्य क्षार राहिले, तर ते ओल ओढून घेतात. कोळसाही सच्छिद्र असल्याने ती धरून ठेवतो. शिवाय एकदा भिजलेली दारू वाळविली, तरी ती पूर्ववत् होत नाही. कारण पाण्यात विरघळलेला सोरा सुकताना वेगळे स्फटिक धरतो आणि मूळचे एकजीव मिश्रण बिघडते. म्हणून भिजल्यानंतरच्या उपायापेक्षा भिजू न देण्याची दक्षता अधिक महत्त्वाची होती.

ही दक्षता कशी घ्यावी, याचा नेमका निर्देश रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त, म्हणजे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील राजनीतिविषयक ग्रंथात, आढळतो. दारूखाना वस्तीच्या घरांपासून अलग असावा, तो सदरेनजीक नसावा, सभोवती निर्गुडी आदी झाडांचे दाट कुंपण असावे, आत तळघर करून त्यास गच्ची करावी, माच घालून त्यावर दारूची मडकी ठेवावी, बाण व हुक्के मधल्या घरात ठेवावे, अशी त्याची व्यवस्था आहे. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन हा साठा बाहेर काढवावा, त्यास ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावा, असेही त्यात सांगितले आहे. पहारा अहोरात्र, आणि परवानगीवाचून कोणासही जवळ येण्यास मज्जाव.

या नियमांत परस्परविरोधी अशा दोन गरजांचा मेळ घातलेला दिसतो. आगीपासून संरक्षणास तळघर सोयीचे. परंतु जमिनीखाली ओल अधिक. म्हणून चुन्याचा गच्च व जमिनीपासून उंच माच यांची योजना. ओल घालविण्यास ऊन हवे. परंतु दारू उघड्यावर आणणे धोक्याचे. म्हणून ते काम अधिकाऱ्याच्या समक्ष व्हावयाचे. मुद्रेमुळे साठ्याची जबाबदारी निश्चित होई, हाही तिचा उपयोग मानता येईल. अर्थात् या पद्धतीची मर्यादाही उघड आहे : ज्या महिन्यांत ओलीचे भय सर्वाधिक, त्याच महिन्यांत ऊन दुर्मिळ. पावसाळ्यापूर्वी केलेल्या तयारीवरच तेव्हा मुख्य भिस्त असणार.

वस्तीपासून अंतर राखण्याचा नियम किती सार्थ होता, हे सिंहगडावरील दुर्घटनेवरून कळते. ११ सप्टेंबर १७५१ रोजी तेथील दारूकोठारावर वीज पडली. गडाच्या फडणिसाचे घर उद्ध्वस्त झाले व त्यातील सर्व माणसे मृत्युमुखी पडली. कोठार दगडी बांधणीचे होते. परंतु दगडी भिंत ओल व ठिणगी यांना अडविते, विजेला नव्हे. हे भय केवळ सह्याद्रीपुरते नव्हते. इटलीतील ब्रेशा येथे १७६९ मध्ये साठविलेल्या दारूवर वीज पडून मोठा मनुष्यसंहार झाला. त्यानंतर १७७२ मध्ये इंग्लंडमधील पर्फ्लीट येथील दारूकोठारांच्या रक्षणाचा विचार करण्यासाठी रॉयल सोसायटीने समिती नेमली. तीत विद्युद्वाहक दांड्याचा पुरस्कर्ता बेंजामिन फ्रँकलिन हाही होता.

सारांश, ‘आज्ञापत्रा’ने दारूचे रक्षण केवळ इमारतीवर सोपविले नाही; ते नियतकालिक तपासणी, ऊन, मुद्रा व पहारा यांच्या नित्यक्रमावर सोपविले. ओलीवर अशा नित्यक्रमाचा उपाय चालत असे. विजेवर मात्र नव्हता. तेथे मनुष्यहानी टाळण्याचा त्याच्याजवळचा मार्ग एकच होता : कोठार आणि माणसांची घरे यांमध्ये राखलेले अंतर.