सुईचा आवाज : मिसरच्या गादा आमिर

मिसर आणि कापड यांचे नाते फार जुने आहे. फातिमी खलिफांच्या काळात तेथे 'तिराज' नावाचे कापड तयार होत असे. त्याच्या पट्टीवर खलिफाचे नाव आणि दुआ विणलेली वा भरलेली असे. पुढे अनेक शतके, मधले काही खंड सोडले तर, काबाशरीफचा गिलाफ कैरोहून मक्केस जात राहिला. 1962 च्या सुमारास ही परंपरा थांबली. कैरोतील बाब जुवेला या जुन्या दरवाजाबाहेर आजही तंबूवाल्यांची गल्ली आहे. सुती कापडावर रंगीत तुकडे बेतून ते सुईने टाचायचे, या कामाला 'खयामिया' म्हणतात. गिलाफावर सोन्याचांदीच्या तारेने आयती भरणारे आणि खयामिया करणारे हे कारागीर परंपरेने पुरुषच. म्हणजे सुई ही फक्त बायकांची वस्तू, हा समज खरा नाही. मात्र एक भेद जरूर झाला. पुरुषाच्या हातातील सुईला हुनर म्हटले गेले आणि बाईच्या हातातील सुईला घरकाम.

हा भेद ज्यांनी आपल्या कामातून जगापुढे मांडला, त्या गादा आमिर यांची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

गादा आमिर यांचा जन्म 1963 साली कैरोत झाला. 1974 मध्ये त्यांचे कुटुंब फ्रान्सला गेले. नीस शहरातील व्हिला आर्सों या कलाशाळेत त्यांनी शिक्षण घेतले आणि 1989 मध्ये ते पूर्ण केले. तेथे चित्रकलेच्या एका वर्गात आपल्याला प्रवेश मिळाला नाही, कारण तो वर्ग मुलांसाठी राखलेला होता, असे त्यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. ही गोष्ट कैरोची नव्हे, फ्रान्सची आहे. स्त्रीवर बंधने घालण्याचा ठेका एकट्या मुसलमान समाजाने घेतलेला नाही, हे येथे ध्यानात घ्यावे.

1988 मध्ये त्या कैरोला आल्या असताना 'व्हीनस' नावाचे एक मासिक त्यांच्या पाहण्यात आले. त्यात कपडे बेतण्याचे नमुने असत. पाश्चात्त्य फॅशनच्या चित्रांतील स्त्रियांना त्यात हिजाब आणि लांब बाह्या जोडलेल्या होत्या. स्त्रीने कसे दिसावे हे एकीकडे बाजार ठरवतो, दुसरीकडे समाज ठरवतो, आणि दोघांचे हुकूम एकाच नमुन्यावर उतरतात. यातूनच शिवण आणि भरतकाम हे आपल्या चित्रांचे साधन करावे, हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला. आईला घरी शिवणकाम करताना त्यांनी लहानपणापासून पाहिले होतेच.

1991 च्या 'कामात असलेल्या पाच स्त्रिया' या कृतीत भरतकामाचे चार तुकडे आहेत. त्यांत चार स्त्रिया घरातील आणि बाजारहाटीची रोजची कामे करताना दिसतात. मग पाचवी कोठे आहे? पाचवी म्हणजे सुई हातात घेऊन बसलेली स्वतः चित्रकर्ती. ती चित्रात दिसत नाही, पण सगळे चित्र तिच्याच श्रमाचे आहे.

यानंतरच्या त्यांच्या कामाबद्दल लिहिताना आम्हाला थोडा संकोच वाटतो. पुरुषांसाठी निघणाऱ्या नग्न मासिकांतील स्त्रियांच्या आकृत्या घेऊन त्यांनी त्या कॅनव्हासवर धाग्याने भरल्या. हे आपल्या अनेक वाचकांना रुचणार नाही. आम्हीही ही चित्रे वर्गात दाखवू शकणार नाही. परंतु त्या काय करतात, हे समजून न घेता निवाडा देणे योग्य नाही. टाके घातल्यावर उरलेले धागे त्या कापत नाहीत. ते लोंबत राहतात, एकमेकांत गुंततात आणि आकृतीला झाकून टाकतात. दुरून पाहणाऱ्याला फक्त रंगीत धाग्यांचा गुंता दिसतो. जी आकृती बाजाराने विक्रीला मांडली, तिच्यावर आता एका बाईने धाग्यांचा पडदा टाकलेला आहे.

1998 च्या 'खासगी खोल्या' या कृतीत कपडे ठेवण्याच्या सॅटिनच्या पिशव्या टांगलेल्या आहेत. त्यांवर कुराणात स्त्रियांविषयी जे आले आहे, ते फ्रेंच अनुवादात भरलेले आहे. मूळ अरबी पाठ त्यांनी येथे वापरला नाही. 1999 मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांना युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. त्याआधीच त्या न्यूयॉर्कला स्थायिक झाल्या होत्या. रेझा फरखोंदे या इराणी चित्रकाराबरोबर त्यांनी बरीच कामे जोडीने केली. 2008 मध्ये ब्रुकलिन संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन झाले. 2022 च्या डिसेंबरात फ्रान्सच्या मार्से शहरात एकाच वेळी तीन ठिकाणी त्यांच्या कामाचे प्रदर्शन भरले. अलीकडच्या वर्षांत त्या कैरोच्या त्याच खयामियाकडे वळल्या आहेत. चित्रकर्तीचा विचार आणि तंबूवाल्यांचे हुनर त्या कामात एकत्र आले आहे.

मार्सेच्या प्रदर्शनात किल्ल्याच्या आवारात त्यांनी अरबी अक्षरांत एक वाक्य मांडले होते. आम्ही उर्दू शिकवतो, म्हणून त्याबद्दल थोडे अधिक लिहितो. 'स्त्रीचा आवाज औरा आहे', म्हणजे झाकून ठेवण्याची गोष्ट आहे, असे एक वचन अरबीत प्रचलित आहे. ते कुराणात नाही, आणि उलमांतही त्यावर मतभेद आहेत. 'औरा' या शब्दातील 'ऐन' काढून त्या जागी 'से' ठेवले की 'सौरा' होते. सौरा म्हणजे क्रांती. फक्त एक अक्षर बदलले आणि वाक्य झाले : स्त्रीचा आवाज ही क्रांती आहे. अरब देशांतील आंदोलनांत स्त्रियांनीही ही घोषणा दिली आहे. आपण रोज बोलतो तो 'औरत' हा शब्दही याच 'औरा'पासून आला आहे. कुराणात सूरह अहजाबमध्ये तोच शब्द असुरक्षित घरांसाठी आलेला आहे. शब्दाचा अर्थ इतका व्यापक असताना आपण त्यातून फक्त झाकणेच का उचलले, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

आपल्या घरांतही मुली चादरी, उशांचे अभ्रे, दुपट्टे भरतात. पाहुणे त्यांची तारीफ करतात. पण ही नक्षी कोणी योजली, हा रंग का घेतला, असे त्या मुलीला कोणी विचारत नाही. सगळ्याच मुली गादा आमिर होणार नाहीत, आणि सगळ्यांना त्यांचा मार्ग पटेलच असेही नाही. परंतु आपल्या मुलीच्या हातातील सुईत हुनराबरोबर विचारही आहे, एवढे मान्य करायला पैसा लागत नाही आणि शरीअतही आड येत नाही. तिने भरलेल्या कापडाच्या कोपऱ्यात तिला तिचे नाव घालू द्यावे. सुरुवात तेथून करता येईल.