ताई महाराजांचं प्रकरण आणि आपलं मृत्युपत्र



मृत्युपत्राचा विषय काढला की घरातली मोठी माणसं लगेच म्हणतात, "शुभ बोल गं." म्हणून आज आपल्या पुण्यातल्याच एका मृत्युपत्राची हकिगत सांगते. लोकमान्य टिळकांमुळे ती गाजली, पण वाचताना माझं लक्ष राहून राहून त्यातल्या बाईकडे जातं.

१८९७ चा ऑगस्ट महिना. टिळक राजद्रोहाच्या खटल्यात ४ तारखेला जामिनावर सुटले होते. त्यांचे स्नेही सरदार बाबा महाराज पंडित अचानक आजारी पडले. ७ तारखेला त्यांनी मृत्युपत्र केलं, टिळक, दादासाहेब खापर्डे वगैरे मंडळींना व्यवस्थापक नेमलं आणि त्याच दिवशी ते गेले. पत्नी ताई महाराज तेव्हा गरोदर होत्या. मुलगा झाला नाही किंवा जगला नाही, तर या व्यवस्थापकांच्या संमतीने दत्तक घ्यायचा, असं त्यात लिहिलं होतं.

मुलगा झाला, पण तान्हा असतानाच गेला. १९०१ च्या जूनमध्ये औरंगाबादला जगन्नाथ नावाचा मुलगा दत्तक घेतला गेला. पुढे ताई महाराज म्हणाल्या, हे दत्तक झालंच नाही. त्यांना कोल्हापूरचे बाळा महाराज हवे होते. मग जे कोर्ट सुरू झालं! टिळकांवर खोटी साक्ष दिल्याचा फौजदारी खटला झाला, १९०३ मध्ये शिक्षा झाली, १९०४ मध्ये हायकोर्टाने ती रद्द केली. दत्तकाचा निकाल थेट प्रिव्ही कौन्सिलमध्ये १९१५ साली टिळकांच्या बाजूने लागला. ताई महाराज १९०३ मध्येच गेल्या होत्या.

टिळकांना किती सोसावं लागलं ते चरित्रांत भरपूर आहे. पण ज्या बाईने मूल मांडीवर घ्यायचं, तिला शेवटच्या दिवशी घाईत कोणी काय विचारलं असेल? आपल्या समाजात रीत वेगळी होती, हेही सांगते. पतीची परवानगी नसली तरी विधवेला दत्तक घेता येतं, ही रूढी १८७८ सालीच प्रिव्ही कौन्सिलने एका अग्रवाल जैन विधवेच्या दाव्यात मान्य केली होती.

त्या काळी मुंबई शहराबाहेर, म्हणजे पुण्यात, तोंडी मृत्युपत्रही चालायचं. १ जानेवारी १९२७ पासून ते लेखी आणि दोन साक्षीदारांच्या सहीचंच लागतं, जैनांनाही.

आता आपल्या कामाचं. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आपल्यालाही लागू आहे. बाई मृत्युपत्र न करता गेली आणि मागे मुलं, नातवंडं, नवरा कोणी नसेल, तर तिची स्वतःची कमाई आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिचे आईवडील त्यानंतर. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे असंच प्रकरण आलं. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेली, सासरने हाकललेली, माहेरी शिकून नोकरी केलेली बाई. तिचा पैसा गेला सासरच्याच लोकांना. एक कागद लिहिला असता तर ती आई-भावाला देऊ शकली असती. (आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता मात्र, मुलंबाळं नसतील तर, माहेरी परत जाते.)

वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नका. १९८७ च्या कायद्याने स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर सल्ल्याचा हक्क आहे. शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं, नाहीतर १५१०० वर फोन करायचा. मृत्युपत्राला स्टँप लागत नाही, साधा कागद चालतो. नोंदणी सक्तीची नाही, पण मी म्हणेन करावीच. मन बदललं तर नवीन करता येतं.

जाताना आपल्या वस्तूंची यादी घेऊन जा: स्त्रीधनाचे दागिने, स्वतःच्या नावावरच्या ठेवी, घरातला आपला हिस्सा. नवऱ्याच्या एकट्याच्या नावावरचा फ्लॅट त्यात लिहू नका, तो त्यांनीच लिहायचा. आणि ज्याला व्यवस्थापक नेमाल, त्याला आधी विचारून ठेवा.