पिठा : ओडिया घरातील गोड पदार्थांचा इतिहास आणि स्त्रीश्रम

प्रास्ताविक :

ओडिशातील गोड पदार्थांची चर्चा अलीकडच्या काळात प्रामुख्याने रसगुल्ल्याभोवती फिरत राहिली आहे. 'बांगलार रसोगोल्ला' या नावास १४ नोव्हेंबर २०१७ रोजी आणि 'ओडिशा रसगोला' या नावास २९ जुलै २०१९ रोजी भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. या वादात बंगालच्या बाजूने कोलकात्याचे हलवाई नबीनचंद्र दास आणि १८६८ हे वर्ष पुढे करण्यात आले. ओडिशाच्या बाजूने बलराम दासांच्या दांडी रामायणातील उल्लेख आणि रथयात्रेच्या समाप्तीला, नीलाद्री बिजेच्या दिवशी, जगन्नाथ लक्ष्मीला रसगुल्ला अर्पण करतो ही पुरीची परंपरा मांडण्यात आली. म्हणजेच दुकान, ग्रंथ आणि मंदिर ही पुराव्याची तीन स्थळे ठरली. घराला यात स्थान मिळाले नाही. वास्तविक ओडिया गोड पदार्थांचा मोठा भाग घरातच सिद्ध होत आला आहे. त्याचा इतिहास दस्तऐवजांपेक्षा सणांच्या क्रमात, विधींत आणि कृतीच्या तपशिलांत शोधावा लागतो. प्रस्तुत लेखात या साधनांच्या आधारे घरगुती पिठ्यांचा व त्यामागील स्त्रीश्रमाचा विचार केला आहे.

पिठा : संज्ञा व स्वरूप

'पिठा' या शब्दाचे मूळ संस्कृत 'पिष्टक' या शब्दात आहे. मराठीतील 'पीठ' हा शब्दही 'पिष्ट' या त्याच कुळातला. तांदूळ, उडीद, गूळ आणि नारळ ही पिठ्यांची मुख्य सामग्री होय. भातशेतीचा प्रदेश व समुद्रकिनारा यांची छाप त्यावर स्पष्ट दिसते. वाफवलेला, खोबऱ्याचे सारण भरलेला मंडा पिठा मराठी वाचकास उकडीच्या मोदकाची आठवण करून देईल. तांदळाचे पीठ व गुळाचा पाक यांपासून केलेला, तळलेला आरिसा हा अनारशाचा जवळचा नातेवाईक आहे. उकड काढून, सारण भरून तळलेला काकरा हाही घरोघरी होणारा पदार्थ. हळदीच्या पानात वाफवलेला एंडुरी पिठा कोकण-गोव्यातील पातोळ्यांशी साम्य दाखवतो. मात्र या साम्यावरून एकाने दुसऱ्याकडून घेतले असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. समान सामग्री व समान हवामान यांतूनही समान कृती घडू शकतात.

सणांचा क्रम आणि स्वयंपाकघर

पिठे वाटेल तेव्हा केले जात नाहीत. बहुतेकांना ठरलेला दिवस आहे. कार्तिक पौर्णिमेनंतरच्या अष्टमीला, प्रथमाष्टमीस, घरातील पहिल्या अपत्यास ओवाळले जाते. मामाकडून नवे वस्त्र येते आणि एंडुरी पिठा होतो. पावसाळ्यातील चितालागी अमावास्येला चितऊ पिठा करून तो शेतातील गोगलगायींना अर्पण करतात. चिखलात काम करणाऱ्यांच्या पायांना त्यांच्यापासून इजा होऊ नये, ही त्यामागील भावना. मार्गशीर्षातील गुरुवारी 'माणबसा' हे लक्ष्मीव्रत असते. नव्या धान्याचे माप पूजेत मांडले जाते, तांदळाच्या पिठीने 'झोटी' रेखाटली जाते आणि पिठ्यांचा नैवेद्य होतो. महाराष्ट्रातही मार्गशीर्षातील गुरुवारी महालक्ष्मीचे व्रत केले जाते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. अशा रीतीने प्रत्येक कृती शेतीच्या एखाद्या टप्प्याशी अथवा नात्याशी बांधलेली आढळते. लिखित पाककृती नसतानाही ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली, याचे एक कारण हेच होय.

रज पर्व आणि पोड पिठा

जूनच्या मध्यास येणारे तीन दिवसांचे रज पर्व या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. पहिला दिवस 'पहिली रज', दुसरा मिथुन संक्रांतीचा आणि तिसरा 'शेष रज'. या काळात भूमी रजस्वला असते अशी श्रद्धा असल्याने नांगरणी, पेरणी व खणणे वर्ज्य असते. स्त्रियांनीही दळण-कांडण व स्वयंपाक करू नये असा संकेत आहे. त्यांनी नवी वस्त्रे ल्यावीत, झोपाळ्यावर बसावे. चौथ्या दिवशी 'वसुमती स्नान' होते. त्यात वाटण्याच्या पाट्यालाच भूमी मानून हळदीने स्नान घातले जाते.

या पर्वाचा मुख्य पदार्थ म्हणजे पोड पिठा. तांदूळ व उडीद वाटून आंबवलेल्या पिठात गूळ व खोबरे घालतात. ते केळीच्या अथवा सालाच्या पानात बंद करून, खाली-वर निखारे ठेवून मंद आचेवर रात्रभर भाजतात. असा पिठा काही दिवस टिकतो. येथे पाककृती व सामाजिक संकेत यांचा थेट संबंध दिसतो. तीन दिवस चूल थंड ठेवायची, तर टिकणारे अन्न आधीच सिद्ध हवे. त्यासाठी पर्वाच्या आदल्या दिवसाला 'सजबज' असे स्वतंत्र नाव आहे. त्या दिवशीचे वाटण, कांडण व भाजणे स्त्रियाच करतात. तात्पर्य, स्त्रियांना मिळणारी विश्रांती ही त्यांनीच आगाऊ केलेल्या श्रमांतून उभी राहते.

लक्ष्मीपुराणाची साक्ष

बलराम दासांचे लक्ष्मीपुराण माणबसाच्या वेळी घरोघरी स्त्रिया वाचतात. श्रिया या चांडाळ स्त्रीच्या घरी गेल्यामुळे लक्ष्मीला मंदिराबाहेर काढले जाते. त्यानंतर जगन्नाथ व बलभद्र अन्नावाचून भटकतात आणि अखेर लक्ष्मीच्याच हातचे अन्न ग्रहण करतात. जातिभेदावरील टीका म्हणून या काव्याचा अभ्यास होत आला आहे. तथापि, अन्न सिद्ध करणारा हात दुरावला की देवांचे घरही चालत नाही, हेही त्यातील विधान आहे.

स्थित्यंतर

नयागड जिल्ह्यातील दसपल्ला येथील हलवाई सुदर्शन साहू यांना छेनापोडाच्या निर्मितीचे श्रेय दिले जाते. विसाव्या शतकातील हा पदार्थ छेना, साखर व रवा यांपासून, पानात बांधून भाजला जातो. 'पोड' म्हणजे भाजलेला हेच विशेषण आणि मंद उष्णतेचे तेच तंत्र घरगुती पोड पिठ्यातही आहे. फरक असा की, दुकानातील पदार्थाला कर्त्याचे नाव लाभले. घरातील पदार्थ अनामिक राहिला.

पायाने चालणाऱ्या ढेंकीची जागा गिरणीने व मिक्सरने घेतल्यावर कांडणाचे कष्ट कमी झाले. २०२१ मध्ये राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाने रज पर्वात फिरत्या वाहनांतून पिठे विकण्यास आरंभ केला. याकडे केवळ परंपरेची हानी म्हणून पाहणे एकांगी ठरेल. विकत आणलेल्या पिठ्यामुळे 'सजबज'चा भार हलका होतो आणि पर्वाने सांगितलेली विश्रांती काही अंशी खरी होते. मात्र पीठ किती आंबले, पाक कितपत झाला, निखारे कधी कमी करावेत हे हाताला कळलेले ज्ञान विक्रीबरोबर आपोआप पुढे जात नाही.

निष्कर्ष :

मानांकनाची प्रक्रिया पदार्थाचा प्रदेश निश्चित करते. तो करणारे हात तिच्या कक्षेत क्वचितच येतात. ओडिया पिठ्यांचा इतिहास लिहिताना सण, साधने, कृतीचे टप्पे आणि वृद्ध स्त्रियांच्या मौखिक साक्षी यांना मंदिराच्या व ग्रंथांच्या पुराव्याइतकेच मोल द्यावयास हवे. या साक्षी नोंदविण्याचे काम ढेंकीवर हात बसलेली पिढी हयात आहे तोवरच शक्य आहे.