उत्तरकथा (सीक्वेल)

उत्तरकथा म्हणजे स्वतः पूर्ण असलेल्या कलाकृतीचे कथानक पुढे नेणारी स्वतंत्र कलाकृती. ‘सीक्वेल’ हा शब्द ‘मागोमाग येणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला. कल्पना मात्र आपल्याकडे जुनीच: भवभूतीचे ‘महावीरचरित’ रामाच्या राज्याभिषेकापाशी संपते, तर त्याचेच ‘उत्तररामचरित’ सीतात्यागापासूनची कथा सांगते, ‘उत्तर’ म्हणजे येथे नंतरचे. मराठीत ‘मुंबई-पुणे-मुंबई’ (२०१०) या चित्रपटाची उत्तरकथा २०१५ मध्ये आली. ‘लगे रहो मुन्नाभाई’त (२००६) मुख्य पात्रे तीच, पण कथा नवी, त्यास सीक्वेल म्हणणे हा शब्दाचा सैल वापर होय. मासिकातील ‘क्रमशः’ कादंबरीचा पुढील हप्ताही उत्तरकथा नव्हे, कारण तेथे आधीचा भाग अपूर्णच असतो. मूळ कथेच्या आधीचा काळ रंगविणाऱ्या कृतीस पूर्वकथा (प्रीक्वेल) म्हणतात.