एक अंगावर, एक दांडीवर

महाराष्ट्राच्या वेशभूषेविषयी लिहिताना आपण पगडीचे घाट, अंगरख्याचे बंद आणि लुगड्यांचे काठ यांचे वर्णन मोठ्या आस्थेने करतो. परंतु ही वस्त्रे अंगावरून उतरल्यावर कोठे जात, कोणत्या क्रमाने ठेवली जात आणि दहा-पंधरा माणसांच्या एकत्र कुटुंबात, जेथे कपाट नावाची स्वतंत्र वस्तू सहसा नसेच, तेथे ती चुरगळल्यावाचून वर्षानुवर्षे कशी टिकत, या प्रश्नाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. कपडे थोडेच होते, एक अंगावर आणि एक दांडीवर, हे त्याचे रूढ उत्तर. आणि बहुसंख्य लोकांच्या बाबतीत ते अक्षरशः खरेही आहे. तथापि ज्यांच्या घरी लुगड्यांची चळत होती, शालजोड्या होत्या, पैठण्या होत्या, त्यांच्याही घरात कपड्यांनी फारशी जागा अडविलेली नसे. याचे कारण माझ्या मते कपड्यांच्या संख्येपेक्षा त्यांच्या जातीत शोधावे लागते. धोतर, उपरणे, शेला, पागोटे, लुगडे ही सारी चार सरळ कडांची, न शिवलेली वस्त्रे. अंगावर असताना ती शरीराचा आकार घेत आणि उतरताच पुन्हा सपाट होत. जी शिवलेली होती त्यांतलीही बाराबंदी आणि बंडी सरळ बेतलेली असल्यामुळे बंद आत दुमडून ती पोथीच्या पानासारखी एकावर एक रचता येत. सुबक घडी हेच त्या काळाचे कपाट होते.

या घडीचे शास्त्र किती बारकाईचे होते हे नऊवारी लुगडे वाळल्यावर पाहावे. नऊ वार म्हणजे अठरा हात लांबीचे ते वस्त्र एकटीने नीट घडी करता येत नाही. दोघीजणी अंगणाच्या दोन टोकांना उभ्या राहून पदराची दोन व दुसऱ्या टोकाची दोन अशी चारी टोके हातांत घेतात, अंग मागे झुकवून वस्त्राला ताण देतात, मग एक फटकारा मारून सुरकुती झाडतात; काठावर काठ बसवून रुंदी निम्मी करतात, आणि मग एकमेकींकडे चालत येऊन एकीच्या हातातली टोके दुसरीच्या हातात जातात. मोकळी झालेली पहिली खाली वाकून लोंबती घडी उचलते आणि पुन्हा मागे जाते. असे पाच वेळा झाले की अठरा हातांचे लुगडे मांडीवर मावेल एवढ्या, वीत-सव्वावीत रुंदीच्या गठ्ठ्यात येते. ओलसरपणा किंचित शिल्लक असतानाच घडी घालून ती रात्रभर जड पाटाखाली अथवा गादीखाली ठेवली की इस्त्रीचे काम आपोआप होई. ज्यांना त्याहून टापटीप हवी ते तांब्यात निखारे भरून त्याचा तळ कापडावरून फिरवीत. गावगाड्यातला परीट बलुतेदार होता आणि त्याच्या भट्टीचे धुणे घडी होऊनच घरी येई.

ठेवण्याच्या शिस्तीचा मोठा नमुना राजदरबारात सापडतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस कृष्णाजी अनंत सभासदाने लिहिलेल्या बखरीत शिवछत्रपतींच्या अठरा कारखान्यांची नावे येतात, आणि त्यांत जामदारखाना हा वस्त्रभांडाराचा कारखाना खजिना आणि जवाहिरखाना यांच्याबरोबरीने नोंदलेला आहे. तंबू, डेरे आणि बिछायती फरासखान्यात, रत्ने जवाहिरखान्यात आणि अंगावरची वस्त्रे जामदारखान्यात, अशी जिनसवार विभागणी ही राज्यव्यवहारातील एक गरज होती; कारण वस्त्र हे केवळ लज्जारक्षणाचे साधन नव्हते, ते अधिकाराचे प्रत्यक्ष चिन्ह होते. पेशवाई मिळणे म्हणजे पेशवाईची वस्त्रे मिळणे. बाजीराव बल्लाळास ती 17 एप्रिल 1720 रोजी कऱ्हाडनजीक मसूर येथे शाहू छत्रपतींकडून मिळाली. वकील आला, सरदार मोहिमेवरून परतला, कोणाच्या घरी लग्नकार्य निघाले, की तिवट, शेला, किनखाब, जामेवार अशा जिनसांचा पोशाख त्या त्या माणसाच्या इतमामाप्रमाणे ऐनवेळी निघावा लागे, आणि एका दर्जाच्या मानकऱ्यास दुसऱ्या दर्जाचे वस्त्र गेले तर तो केवळ हिशेबातील घोटाळा न राहता दरबारी रुसव्याचे निमित्त होई. म्हणून जामदारखान्याच्या कारकुनास कोणता नग कोठे आहे, कोणत्या किमतीचा आहे आणि कोणाच्या नावे खर्ची पडला, हे रुजू ठेवावे लागे.

ही वस्त्रे कशात ठेवीत, तर मुख्यतः वस्त्रातच. चौकोनी जाड कापडाच्या मध्यभागी घड्या रचायच्या, समोरासमोरची टोके एकमेकांवर घ्यायची आणि गाठ मारायची, हे बासन. दफ्तराचे कागदही याच रीतीने रुमालात बांधलेले असत आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरात आजही असे हजारो रुमाल आहेत. पेटीला आपला आकार असतो आणि ती रिकामी असली तरी पुरी जागा घेते. बासन आतल्या मालाएवढेच मोठे असते, रिकामे झाले की स्वतःच घडी होऊन दुसऱ्या बासनात जाते आणि छावणी हलताना उंटाच्या पाठीवर किंवा पेटाऱ्यात सारखेच चेपून बसते. सदैव स्वारीवर असणाऱ्या राज्याला हीच पद्धत सोयीची होती, आणि दफ्तरखान्यात व जामदारखान्यात एकच युक्ती चालावी यात मला मराठी कारभाराच्या काटकसरी बुद्धीचे दर्शन घडते.

वाड्यांतील आणि साध्या घरांतील व्यवस्था जामदारखान्याचीच लहान प्रत होती. भिंतीतील फडताळात रोजची वस्त्रे, कोठीच्या खोलीत संदूक आणि पेटारे, आणि माजघराच्या भिंतीला लाकडी खुंट्या. खुंटी ही विशेषतः पुरुषांच्या शिरोभूषणासाठी होती, कारण पागोटे रोज बांधावे आणि रोज सोडावे असे असले तरी पगडबंदाने घडविलेली पगडी मात्र दुमडता येत नसे. अंगावरून उतरल्यावरही आपला आकार न सोडणारी आणि म्हणून स्वतःसाठी जागा मागणारी ती मराठी पोशाखातली ठळक वस्तू होय.

सोवळ्याची वस्त्रे यांपैकी कशातच जात नसत. ज्या घरांत तो आचार होता तेथे आढ्याजवळ आडवी टांगलेली बांबूची दांडी असे, आणि धुतलेले लुगडे अथवा धोतर कोणाचा स्पर्श न होता तिच्यावर वाळे. ते चढवायला आणि उतरवायला एक लांब काठी असे; स्नान करून आलेली बाई ओलेत्यानेच काठीचे टोक वस्त्राच्या मध्याखाली सारी, ते अलगद उचलून आपल्याकडे झुकवी आणि कोठेही न टेकवता दुसऱ्या हाताच्या कोपरावर झेली. या आचारामागच्या स्पृश्यास्पृश्यतेच्या कल्पनेने माणसामाणसांत केलेले अंतर मला अक्षम्य वाटते आणि ती कल्पना गेली हे इष्टच झाले. परंतु खोलीच्या डोक्यावरची रिकामी उंची वापरून खालची जमीन मोकळी ठेवण्याची ती रीत पुढे निराळ्याच लोकांच्या, निराळ्याच गरजेला उपयोगी पडली, त्याकडे मी येतोच.

तत्पूर्वी पेटीविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण एकत्र कुटुंबातील स्त्रीच्या आयुष्यात पेटीला जे स्थान होते ते निव्वळ सामानाच्या इतिहासात मावणारे नाही. सासरी तिची स्वतःची खोली नसे, पुष्कळदा स्वतःचे अंथरूणही ठरलेले नसे. कडीकोयंड्याने बंद होणारी, माहेराहून आलेली ती एक पेटीच काय ती सर्वस्वी तिची. तळाशी लग्नातला शालू किंवा पैठणी, तिच्यावर सणावाराची लुगडी, बाजूच्या कप्प्यात चोळखण, आणि अगदी वर नित्याचे, असा थर लागे. म्हणजे जे कमी लागते ते खाली आणि जे रोज लागते ते हाताशी. घड्यांच्या मध्ये ती आपले दोन पैसे ठेवी, मुलाचे पहिले झबले ठेवी, कोणी लिहून पाठविलेली चिठ्ठी ठेवी. पेटी आवरणे हे म्हणूनच नुसते काम नव्हते; दुपारच्या निवांत वेळी सारे काढून पुन्हा लावताना तिला आपल्या मालकीच्या जगाचा फेरफटका घडे.

पैठणीची घडी मात्र कायमची एकाच जागी ठेवून चालत नाही. जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी, सोन्याचे पाणी दिलेली तार. तीच दुमड वर्षानुवर्षे राहिली की तार त्या रेषेवर तुटते आणि पदर उकलतो. म्हणून जाणत्या बायका वर्षातून एकदोनदा घडी मोडून निराळ्या जागी घालीत आणि वर मऊ सुती धडपा गुंडाळीत. पावसाळ्यातील दमटपणाने बुरशी चढे आणि कसर लागे. तिच्यावर उपाय म्हणजे वेखंडाचे तुकडे, कडुनिंबाचा वाळलेला पाला, कापूर, आणि सुवासासाठी केवड्याचे पान किंवा बकुळीची फुले. आश्विनाच्या कडक उन्हात साऱ्या घरातील कपड्यांना ऊन दाखविण्याचा दिवस असे. डांबरगोळ्या आल्या त्या पुढे; त्या कसरीवर उत्तम असल्या तरी उघड्या ठेवल्या तर जरीचे तेज मारतात, हे अनुभवाने कळल्यावर त्या पुरचुंडीत बांधून ठेवण्याची चाल पडली.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी गेली आणि पुढे लोहमार्ग वाढत गेले तसतसा लाकडी पेटाऱ्याचा काळ सरला. बाकाखाली सरकणारी, पत्र्याची, रंगवून वर फुले आणि मालकाचे नाव काढलेली ट्रंक घरोघरी आली. ती घरात खाटेखाली जाई आणि प्रवासात हमालाच्या डोक्यावर. याच अर्धशतकात कोटही आला. प्रथम धोतर आणि पगडी यांच्या जोडीला, मागाहून पाटलोणीसह आलेल्या या वस्त्राने जुन्या व्यवस्थेला खरा धक्का दिला, कारण कोटाला शिंप्याने खांदा दिलेला असतो आणि खांदा घडीत बसत नाही. वकिलाने कोट ट्रंकेत घातला तर कचेरीत तो चुरगळून निघे आणि खुंटीला अडकविला तर मानेमागे खुंटीच्या टोकाचा उंचवटा येई. म्हणून शिंपी कॉलरच्या आत कापडाची छोटी आकडी शिवून देऊ लागले, आणि कालांतराने लाकडी हँगर आला. टांगण्यासाठी उभी, खोल आणि बंद जागा हवी, ही मागणी मराठी घरात येथून सुरू झाली.

ती मागणी जेथे सर्वांत कठीण होती तेथे, म्हणजे मुंबईच्या चाळीत, सोवळ्याच्या दांडीची जुनीच युक्ती उपयोगी पडली. 1920 नंतर मुंबई सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बांधलेल्या बीडीडी चाळींतील एकेक खोली 160 चौरस फुटांची, आणि गिरणगावातल्या कित्येक गाळ्यांत कोकणातून व घाटावरून आलेले अनेक पुरुष पाळीपाळीने निजत. तेथे प्रत्येकाची मालमत्ता म्हणजे फळीवरची एक ट्रंक, एक वळकटी आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत बांधलेल्या वळणीवरचा त्याच्या वाट्याचा हात-दीड हात दोर. कोणाच्या सदऱ्याची हद्द कोठे संपते हे न लिहिता सर्वांना ठाऊक असे. ज्यांच्या श्रमातून लाखो वार कापड निघाले त्यांच्या स्वतःच्या कपड्यांना एवढीच जागा मिळाली, आणि तीही त्यांनी ज्या समजुतीने वाटून घेतली तिच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

1923 मध्ये, कुलुपे आणि तिजोऱ्या यांत नाव कमावलेल्या गोदरेजांनी पोलादी कपाटे करण्यास आरंभ केला. 14 एप्रिल 1944 च्या गोदीतील भीषण स्फोटात आणि आगीत त्यांच्या तिजोऱ्यांतील ऐवज सुखरूप निघाला, ही गोष्ट मुंबईकरांच्या तोंडी होती. त्यामुळे कपाटावरचा विश्वासही दृढ झाला. पुरुषभर उंचीहून थोडे अधिक असे हे कपाट पाहिले की त्यात सारा पूर्वेतिहास एकत्र आलेला दिसतो: एका बाजूला कोटांसाठी दांडी, दुसऱ्या बाजूला लुगड्यांच्या घड्यांसाठी कप्पे, आत कुलुपाचा चोरकप्पा म्हणजे जुन्या पेटीतला दागिन्यांचा कोपरा, दारावर आरसा. वाळवी लागत नाही, कसर सहसा शिरत नाही, आणि पाय थोडे उंच असल्याने खालून केरसुणी फिरते. मध्यमवर्गीय लग्नात त्याला मानाचे स्थान मिळाले ते योग्यच होते. एक हानी मात्र झाली. पेटी एकीची असे आणि कपाट घराचे झाले. त्याची किल्ली बहुधा घरातल्या कर्त्या माणसाच्या जानव्याला किंवा सासूच्या कमरेला गेली.

जागा वाचविण्याच्या या साऱ्या व्यवस्थेचा एक भाग घराबाहेर होता. डोक्यावर टोपली घेऊन दुपारी दारात येणारी बोहारीण जुन्याच्या बदल्यात आधी पितळेची, पुढे ॲल्युमिनियमची आणि स्टीलची भांडी देई, आणि तिच्याशी घासाघीस करून एखादी परात घेण्यासाठी बायका ट्रंका उपसून वापरात नसलेले धोतर, तोकडा झालेला कोट, विटलेले पातळ स्वतःहून बाहेर काढीत. तिला जरीचे काठ हवे असत, सुती फाटके नको असे. ते घरातच राही आणि त्याची गोधडी होई. मऊ झालेल्या लुगड्यांचे थर एकावर एक पसरून, वर त्यातल्या त्यात धड असलेले पातळ घेऊन, चारी बाजूंनी आत आत फिरत जाणाऱ्या धावत्या टाक्यांनी ती शिवीत, आणि ती फाटली की तिच्यावरच नवा थर चढे. पुष्कळ घरांत सर्वांत जुने कापड अशा गोधडीच्या पोटात आहे. आजवर या गोधड्या वरून पाहिल्या गेल्या, त्यांच्या टाक्यांचे कौतुक झाले. पण एखादी जीर्ण गोधडी जाणत्या हाताने थराथराने उसवली, तर कोणत्या गावच्या मागाचे काठ, कोणता रंग, कोणती वीण त्या घरात कोणत्या क्रमाने आली आणि जुनी झाली, हे जामदारखान्याच्या यादीइतक्याच स्पष्टपणे वाचता येईल, आणि ज्या घरांची यादी कोणी लिहिलीच नाही त्यांचीही.